फटकन उघडलेलं पान

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणीनं विचारलं की त्या सांगायच्या, "कंप्युटरवर बसते." बसते हे खरंच होतं. पण बसून काय करते, हे मलाही चारचौघांत सांगता यायचं नाही. एकदा वैतागून म्हटलं, "आई, लोकांना शिळं वाढलं जाऊ नये, हे बघते मी." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मंग घरात काहून नाही पाहत?"

आता मी निवृत्त आहे. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर आहे, तिथे असते. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा वाटलं, आपण काय लिहायचं, आपण तर आयुष्यभर जुनं पुसायचं काम केलं. पण एक गोष्ट आहे जी पुसली जात नाही. ती सांगायची तर आधी माझं काम समजावून सांगावं लागेल. थोडी कळ काढा.

तुम्ही कंप्युटरवर किंवा मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडता, तेव्हा ते दाखवणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ब्राउझर म्हणतात. हा ब्राउझर एक नंबरचा कामचुकार. एकदा आणलेलं पान, फोटो, चित्र तो स्वतःजवळ झाकून ठेवतो. पुन्हा तेच मागितलं की दूरच्या मशीनपर्यंत जायचा कंटाळा करतो आणि झाकलेलंच पुढे करतो. त्या साठ्याला आम्ही कॅश म्हणतो. यात वाईट काही नाही. आमच्या वेळी इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं. नंबर फिरवला की मोडेम नावाचा डबा आधी किंचाळायचा, मग एकेक चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. तोवर चहा पिऊन व्हायचा. ब्राउझरनं झाकून ठेवलं नसतं तर आमच्यासारख्यांचं काहीच चाललं नसतं.

अडचण एवढीच, की मूळ ठिकाणी कोणी बदल केला तर त्याला आपोआप कळत नाही. तो आपला कालचं वाढत राहतो, काही दिवसांनी कधीतरी आपणहून विचारायला जाईपर्यंत. आणि घरातल्या शिळ्याला निदान वास तरी येतो, याला तोही नाही.

यावर उपाय दोन. पानासोबत ब्राउझरला एक सूचना पाठवायची, की बाबा रे, हे ठेवू नकोस, आणि ठेवलंस तर दाखवायच्या आधी मला विचार. किंवा वस्तू बदलली की तिचं नावही बदलून टाकायचं. नवं नाव दिसलं की ब्राउझरकडे त्या नावाचं झाकलेलं काही नसतं, त्याला झक मारत जावंच लागतं. सगळ्या नोकरीत मी याहून मोठं काही केलं असा माझा दावा नाही. पण हे दोन उपाय मी पुस्तकातून नाही शिकले. पहिल्यांदा धक्का बसला तो हसवणारा होता.

मी अमरावतीत एका छोट्या कंपनीत होते. दुकानं, मंगल कार्यालयं, कॉलेजं यांची संकेतस्थळं आम्ही सांभाळायचो. रोज अकोल्याहून एसटीनं जायचं, मूर्तिजापूरला बस थांबली की खाली उतरून पाय मोकळे करायचे, आणि परत यायचं. तिथे बबनराव नावाचे एक कार्यालयवाले आमचे गिऱ्हाईक होते. कार्यालय दोघा भावांचं. भावाभावांचं फाटलं, वाटण्या झाल्या, आणि बबनरावांनी हुकूम सोडला की संकेतस्थळावरचा भावाचा फोटो काढा. आम्ही काढला, त्याजागी बबनरावांचा एकट्याचा लावला. पुढच्या आठवड्यात गृहस्थ दारात उभे.

"मॅडम, तुमी त्याच्या पार्टीच्या हाय का माह्या?"

मी माझ्या कंप्युटरवर उघडून दाखवलं. "हे बघा, कुठे आहे तुमचा भाऊ?"

"तुमच्या इथं नाही. माह्या घरी येऊन पाहा. रोज सकायी उठून त्याचं थोबाड पाहून राहिलो मी."

गेले. बघते तर खरंच, भाऊ गळ्यात हार घालून हसतोय. मी चाट पडले. काय करावं सुचेना म्हणून दोन बटणं एकदम दाबून पान नव्यानं आणायला लावलं, ज्याला सगळे रिफ्रेश म्हणतात, आणि आमच्या डोळ्यांदेखत भाऊ गायब. बबनराव खुर्चीतून उठून उभेच राहिले. बराच वेळ स्क्रीनकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, वावराच्या वाटणीले असं काही बटन हाय का?"

ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, तो किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला. जुनं चित्र आणि नवं चित्र एकाच नावाचं ठेवलं की असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी साहेबांना म्हटलंही, की आपण नावं बदलायला हवीत. ते म्हणाले, "पुण्याच्या माणसानं संकेतस्थळ बांधून दिलंय, नावं बदलली तर पानं मोडतात. असं काही झालं तर रिफ्रेश मारायला सांगायचं." विषय संपला. यात कोणाचं काही जाईल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

ती वर्षं आपल्या वऱ्हाडातली वाईट वर्षं होती. कपाशीवर बोंडअळी माजलेली, औषध मारून मारून लोक थकलेले. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, आणि उघडला की गेलेल्या शेतकऱ्यांच्या नावांपेक्षा आधी गावाचं नाव बघायची सवय लागली होती. अशात आमच्याकडे एक काम आलं. शेतीचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेचं पान. दर आठवड्याला त्यांच्याकडून मजकूर यायचा, यंदा कुठली अळी, कुठलं औषध, किती पाण्यात. तो मी पानावर चढवायची. या कामाचा मला फार अभिमान होता. वाटायचं, बबनरावांच्या हारापेक्षा हे बरं.

आता यातली एक गंमत, म्हणजे तेव्हाची गंमत, सांगायलाच हवी. त्या काळी सगळ्या कंप्युटरवर मराठी अक्षरं दिसत नसत. आमच्याकडे लिहिलेलं दुसरीकडे नुसते चौकोन आणि चिन्हं होऊन उमटायचं. म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. मराठी मजकूर टाइप करायचा आणि त्याचं चित्र करून तेच पानावर लावायचं. चित्र कुठेही चित्रासारखंच दिसतं. तर फवारणीचा सल्ला म्हणजे एक चित्र होतं, आणि दर आठवड्याला नवं चित्र जुन्याच नावानं, जुन्याच जागी जायचं. पानाच्या वर मात्र मोठ्या आकड्यांत आजची तारीख. ती पुण्याच्या माणसानं केलेली करामत. साहेब येईल त्याला दाखवायचे, "बघा, रोज आपोआप बदलते."

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात रफिकभाईंचं कृषी केंद्र होतं. बी-बियाणं, खतं, औषधं. वडिलांपासूनचं दुकान. माझ्या माहेरचं थोडं वावर होतं, त्यामुळे ओळख जुनी. त्यांनी बिलांसाठी कंप्युटर घेतला तेव्हा हे पान त्यांना मीच उघडून दिलं होतं. पुढे तिथे एक रिवाजच पडला. सकाळी दुकान उघडलं की रफिकभाई फोनची वायर जोडायचे, पान उघडायचे, आणि खेड्यातून आलेली माणसं चहा घेत बाकावर बसायची. रफिकभाई मोठ्यानं वाचायचे. कंप्युटरचं तोंड गिऱ्हाइकांकडे असायचं. एकदा मी विचारलं, की तुम्हाला मान वाकडी करून वाचावं लागतं, सरळ का नाही ठेवत. म्हणाले, "ताई, दुकानदारानं सांगतलेलं औषध म्हंजे लोकं समजते का याले माल खपवाचा हाय. पडदा त्यायच्याकडं असला का मंग मी फक्त वाचणारा."

एका आठवड्यात सल्ला आला, की अमुक दोन औषधं एकत्र मिसळून फवारा. मी चित्र चढवलं. चार दिवस जात नाहीत तोच संस्थेतून घाईघाईनं फोन. फवारणाऱ्या मजुरांना चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी येत असल्याचं कानावर आलंय, ताबडतोब मजकूर बदला. नवा मजकूर असा, की सावधान, ही दोन्ही औषधं एकत्र मिसळू नका. मी हातातलं काम टाकून चित्र केलं, चढवलं, साहेबांनी स्वतः उघडून बघितलं. नवं दिसत होतं. मी बसनं घरी आले. निवांत आले, हे मला आजही आठवतं.

पुढच्या रविवारी भाजीबाजारात ऐकलं, की रफिकभाईंचं दुकान बंद आहे आणि ते आत जाणार.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक होतेय. पण सगळ्या बाजाराच्या तोंडी तेच होतं. जवळच्या खेड्यातले पुंडलिकराव नावाचे शेतकरी रफिकभाईंकडे आले होते. बाकावर बसून सल्ला ऐकला, दोन्ही औषधं नेली. फवारायला देविदास नावाचा मजूर लावला. देविदास तास-दोन तासात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा. त्याला अकोल्याला दवाखान्यात आणलं, डॉक्टर म्हणाले काही सांगता येत नाही. पुंडलिकरावांचा पुतण्या शहरात एका इंटरनेटच्या दुकानात गेला, तेच पान उघडलं, आणि तिथे ढळढळीत लिहिलेलं, मिसळू नका. चार दिवसांपासून, म्हणजे औषधं नेली त्याच्या आदल्या दिवसापासून तेच आहे, असंही तिथल्या माणसानं सांगितलं. मग काय राहिलं? कंप्युटर नको म्हणत असताना या माणसानं माल खपवायला विष दिलं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं औषधावरून माणसावर घसरलं, आणि माणसावरून जातीवर. ते मी इथे लिहीत नाही.

मी भाजीची पिशवी तशीच घेऊन रिक्षानं जुन्या शहरात गेले. रफिकभाईंचं घर दुकानाच्या मागेच. ते खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. मला बघून उठले नाहीत, हे पहिल्यांदाच.

"ताई, जे दिसलं तेच वाचलं. खुदा कसम. मिसळा लिहिलं होतं म्हून मिसळा वाचलं."

खरं सांगते, क्षणभर माझाही विश्वास बसला नाही. मीच तर चित्र बदललं होतं. स्वतःच्या हातानं. साहेबांनी बघितलं होतं. मग हा माणूस असं कसं म्हणतो? आणि मग माझ्या तोंडून एक प्रश्न निघाला, तो कुठून आला मला माहीत नाही.

"रफिकभाई, त्या दिवशी पान कसं उघडलं? हळू का पटकन?"

ते आठवायला लागले. "फटकन आलं. दर हप्त्याले नवं आलं का पट्टी पट्टी उतरते, लोकं चहा पेऊन घेतेत. त्या दिवशी वायर जोडली अन् फटकन आलं. मी म्हटलंबी, आज लाईन चांगली चालून राहिली."

मी पिशवी खाली ठेवली. बबनरावांचा भाऊ हार घालून माझ्यासमोर उभा राहिला.

"दुकान उघडा," मी म्हटलं. "कंप्युटरला त्यानंतर कोणी हात लावलाय?"

"कोन लावते? तवापासून शटर खालीच हाय. उद्या कृषी अधिकारी येऊन राहिले. परवाना त्यायच्या हातात हाय. त्यायच्या मांगून पोलीस."

दुकानातल्या फोनवरून मी साहेबांच्या घरी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून ते शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे तर बरोबर दिसतंय. त्याला सांगा रिफ्रेश मारायला."

माझं डोकंच फिरलं. साहेबांशी मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "साहेब, रिफ्रेश मारलं की याचा एकुलता एक साक्षीदार मेला. कळतंय का तुम्हाला?" आणि फोन ठेवला. मग मोडेमला जोडलेली वायर दोन्हीकडून उपसली, गुंडाळली आणि पर्समध्ये भाज्यांच्या चिठ्ठीशेजारी घालून घरी नेली. रफिकभाई बघत होते. त्यांना वाटलं असेल, ताईचंही डोकं गेलं. पण बाहेरचं काही आत येऊ शकलं नाही तरच आतलं जुनं जिवंत राहणार होतं, आणि ते समजावून सांगायची ताकद त्या वेळी माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे गर्दी. कृषी अधिकारी आले, वयस्कर, कमी बोलणारे. आमचे साहेब अमरावतीहून जीप करून आले, ते आधी मलाच बाजूला घेऊन म्हणाले, "कंपनीचं नाव येता कामा नये." पुंडलिकराव पुतण्याला घेऊन आले होते. आणि सगळ्यांच्या मागे, दाराच्या कडेला, डोक्यावरचा पदर दातात धरून एक बाई उभी होती. देविदासची बायको, कमल. दवाखान्यातून तशीच आली होती.

कंप्युटर चालू झाला. साहेब पुढे सरसावले आणि त्यांचा हात सरळ बटणांकडे गेला. मी तो हात धरला आणि बाजूला केला. सगळ्यांसमोर. "कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. वायर माझ्या पर्समध्ये होती, तरी धरला. त्या हाताची सवय मला माहीत होती, माझ्याही हाताला तीच होती.

मी पान उघडलं. वायर नसताना उघडलं. ब्राउझरनं विचारलं, लाईन नाही, जवळचं दाखवू का? म्हटलं, दाखव. आणि पान फटकन आलं.

वर आजची तारीख. खाली, दोन्ही औषधं एकत्र मिसळून फवारा.

पुंडलिकरावांचा पुतण्या ओरडला, "हे खोटं हाय, म्या सोता पाह्यलं, तठी नको लिहिलं होतं." कोणी म्हणालं यानंच कंप्युटरमध्ये काही घातलं असेल. अधिकारी वाकून वाचत होते. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "ही तर आजची आहे. म्हणजे हा सल्ला आजचा झाला."

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं, कारण रात्रभर मलाही तोच छळत होता. मी कंप्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात जाऊन पुढच्या वर्षीचा पोळा लावला. पान मिटलं, पुन्हा उघडलं. वर पुढच्या वर्षीच्या पोळ्याची तारीख. खाली तेच, मिसळून फवारा.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ती तारीख सल्ल्याची नव्हतीच. समोरच्या कंप्युटरच्या घड्याळात बघून ती रोज तिथे उमटत होती, भिंतीवरच्या घड्याळाखाली जुना पेपर टांगावा तशी. आणि आम्ही ती वर्षभर लोकांना कौतुकानं दाखवत होतो. साहेबांना हे माहीत नव्हतं. कालपर्यंत मलाही नव्हतं.

मग मी घड्याळ जागेवर आणलं, पर्समधून वायर काढली, जोडली. मोडेम किंचाळला. सगळे दचकले. रिफ्रेश मारलं आणि मागे सरले.

ते जुनं चित्र पुसलं गेलं. जागा पांढरी झाली. मग वरून पट्टी उतरायला लागली. पहिल्यांदा अक्षरांचे शेंडे दिसले, मग सावधान. लाईन रखडली. एक माणूस मोठ्यानं वाचायला लागला, जसं रफिकभाई वाचायचे तसं. "ही दोन्ही औषधं." पुन्हा रखडली. दुकानात औषधाचा वास होता. "एकत्र." मग शेवटची पट्टी. त्या माणसानं ती वाचली नाही. सगळ्यांनी मनातच वाचली.

पुंडलिकराव खताच्या पोत्यावर बसले. म्हणाले, "रफिक, चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिलो होतो बाप्पा." रफिकभाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. ते काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि एकच बोलत होते, "पण वाचलं तं मीच ना ताई. माह्याच तोंडून गेलं ना ते."

अधिकाऱ्यांनी बघितलं ते सगळं लिहून घेतलं, साहेबांच्या आणि माझ्या सह्या घेतल्या. रफिकभाईंचा परवाना राहिला. बाजारातल्या जिभाही हळूहळू दुसऱ्या विषयावर गेल्या, पण ज्यांनी त्या वळवल्या होत्या त्यांच्यापैकी कोणी माफी मागायला आलं नाही. त्याच दुपारी मी साहेबांबरोबर जीपनं ऑफिसला निघाले. मूर्तिजापूरला ते म्हणाले, "नावं बदला." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या कंपनीतलं प्रत्येक चित्र, प्रत्येक पान बदललं की त्याचं नाव बदलायला लागलं. तारीख सल्ल्याची ती सल्ल्याच्या चित्रातच, माझ्या हातानं. ब्राउझरला सूचनाही जायला लागली, दाखवायच्या आधी विचार म्हणून. पान उघडायला वेळ लागतो अशा तक्रारी आल्या. लागू दे म्हटलं. पुढे मी कामाला ठेवलेल्या पोरींना एकच दम भरायची, "आपल्याकडे तर बरोबर दिसतंय, हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही." त्या मला खडूस म्हणायच्या. म्हणोत बापड्या.

रफिकभाईंनी दुकान पुन्हा उघडलं तेव्हा कंप्युटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. बिलं करायचे, पण सल्ला वाचायचे नाहीत. बाकही काढून टाकला. मी एकदा सांगून बघितलं, की आता सगळं दुरुस्त केलंय, आता वाचा. "ज्याले पाहाचं त्यानं पाहावं, ताई," म्हणाले, आणि बी तोलायला लागले. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आमच्या पानाचा सगळ्यात चांगला वाचक गेला.

देविदास वाचला. पण त्याचे डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत. दिवेलागणीला समोरचा माणूस तो आवाजावरून ओळखतो.

त्या सकाळची एक गोष्ट राहिली. मी ती कोणाला सांगितली नव्हती, साहेबांनाही नाही. गर्दी पांगली, अधिकारी लिहीत बसले, आणि मी हात धुवायला दुकानाच्या बाजूला गेले तर कमल तिथे उभी होती. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

ती म्हणाली, "बाई, ते नको लिहिलेलं. ते त्या दिवशीबी होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "आदल्या दिवशीच लिहिलं होतं."

"मंग कुठी होतं ते?"

मला कॅश आठवली, ब्राउझर आठवला, चित्राचं नाव आठवलं. यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "अमरावतीत होतं."

तिनं पदर नीट केला. दवाखान्याच्या दिशेनं निघाली. दोन पावलं जाऊन थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अमरावती तं जवळच हाय वं बाई."